काळ्या वाफ्याची राखण

खुटबावच्या शिवारात पाण्याची दारं धरावीत ती मल्हारीनंच, असं लोक म्हणायचे आणि मल्हारीलाही ते ऐकायला गोड वाटायचं. तसा तो मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. बापाचा सगळा जन्म गावोगावची रानं तुडवण्यात गेला. पण लेकाला जमीन लागली, पाटाचं पाणी आलं, आणि गड्यानं खोरं असं हातात धरलं की पिढीजात शेतकऱ्यांनी बांधावर उभं राहून बघावं. एक वाफा भरत आला की त्याचं दार बांधायचं आणि पुढच्याचं मोडायचं, एवढंच ते काम. पण मल्हारीचे हात ते झोपेतही करतील असे तयार झाले होते. पाणी येतंय एवढं कळलं की पुढचं हातच ठरवायचे, डोक्याला विचारायला जायचे नाहीत. तेच हात पुढे त्याला नडले.

शेजारचं रान अयुबचं. अयुब मल्हारीहून बराच लहान, यवतला हायवेवर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. दुकान टाकून पाण्याच्या पाळीला येणं त्याला कधी जमलं नाही, आणि यायची गरजही पडली नाही. पाळी लागली की दूधवाल्याबरोबर निरोप यायचा, ‘आप्पा, माझंबी बघा’, की मल्हारी आपल्या गव्हाबरोबर त्याच्या कांद्यालाही पाणी देऊन मोकळा व्हायचा. यात उपकार कसले? उपकार होते ते उलट बाजूनं. मल्हारीच्या बापाला या शिवारात पहिल्यांदा वाघर लावू दिली ती अयुबच्या बापानं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. ती जिथं लागेल तिथं धनगराचं घर. आणि पुढे फिरस्ती पुरे म्हणून या लोकांनी बूड टेकायचं ठरवलं, तेव्हा आपल्या रानाचा खालचा तुकडा त्यांना देणाराही तोच. गावात चार तोंडं वाकडी झाली होती, पण म्हातारा बधला नाही.

रस्त्याच्या कडेनं पाटाच्या पाण्याची एक चारी वाहते. ती आधी अयुबच्या बांधाला घासून जाते आणि खाली मल्हारीच्या शेतात शिरते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

दोन हजार दोन साल. शिमगा तोंडावर आला होता. सणसवाडीच्या कुठल्याशा कारखान्याच्या भट्टीत जाळायचं काळं तेल घेऊन एक टँकर आडरस्त्यानं निघाला होता. भल्या सकाळी ड्रायव्हरचा डोळा लागला आणि टँकर अयुबच्या रानाच्या डोक्याशी चारीत आडवा झाला. गाव धावलं ते ड्रायव्हरकडे. तो बिचारा काचेतून अर्धा बाहेर लोंबत होता. त्याला ओढून काढणं, पाणी पाजणं, जीप शोधणं यात सगळे गुंतले. मल्हारी तेवढा खाली एकटाच होता. त्याच्या गव्हाला पाणी चालू होतं, हातात खोरं होतं.

पाण्यामागून तेल आलं. काकवीसारखं दाट, काळं, सावकाश. त्याच्या वासानं डोळे चुरचुरले. ते आपल्या शेताच्या तोंडाशी येतंय हे मल्हारीला दिसलं आणि हात चालले. चार खोरी माती ओढून त्यानं आपलं दार बांधलं. चारी तुंबायला लागली. मग दोन ढांगा वर जाऊन त्यानं अयुबचा बांध मोडला. तेल वळलं आणि निमूटपणे अयुबच्या कांद्यात शिरलं.

आता यात त्यानं विचार केला असं म्हणता येणार नाही, आणि केला नाही असंही म्हणता येणार नाही. कांदा त्याला दिसत होता. चांगला पोसलेला, माना पडायला आलेला गावरान कांदा, ज्याला शेवटचं पाणी त्यानं स्वतःच दिलं होतं.

दुपारी क्रेन आली, जेसीबी आला. त्यांनी टँकर उचलला, चारीतली तेलकट माती उकरून रस्त्याच्या कडेला तिचा ढीग मारला, आणि जाता-येता त्यांच्या चाकांनी बांधाचा असा चेंदामेंदा केला की कुठं काय मोडलं होतं हे देवालाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी अयुब आला. अर्धा एकर रान काळंशार. तो खाली बसला, एक कांदा उपटला, हातावर घोळवला आणि ठेवून दिला. मग म्हणाला, टँकरच्या धक्क्यानं बांधच फुटला बघा आप्पा, न्हाईतर तेल चारीनं गेलं असतं.

मल्हारी म्हणाला, “व्हय.”

एवढंच. एका शब्दात माणूस किती खोल जातो ते त्याला त्या दिवशी कळलं. अयुबनं वर आणखी एक गोष्ट केली. त्यानं मल्हारीच्या हिरव्यागार गव्हाकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाला की तुमचं तरी वाचलं, बरं झालं. शिव्या दिल्या असत्या तर मल्हारीला जेवण गेलं असतं.

आणि जेवण खरंच जाईना. बायको धुरपदा भाकरीबरोबर कांदा फोडून द्यायची, हा तो ताटाच्या कडेला सारायचा. ती विचारायची तर म्हणे पित्त झालंय. मल्हारीसारख्या दगड पचवणाऱ्याला पित्त झालं हे धुरपदाला पटण्यासारखं नव्हतं, पण तीस वर्षांच्या संसारात तिनं याहून मोठ्या थापा गिळल्या होत्या, तिनं तीही गिळली. गहू निघाला तो दरवर्षीपेक्षा चांगला. पोती रचताना शेजारीपाजारी म्हणाले, खंडोबा पावला. खोटं बोललं तर देवालाही साक्षीला ओढलं जातं, म्हणतात ते काही खोटं नाही.

अयुब रानाकडे यायचा बंद झाला. बघवत नाही म्हणायचा. त्याची बायको अकिला एकदोनदा येऊन बांधावरून बघून गेली, तिनंही पदर तोंडाला लावला आणि माघारी फिरली. मृगाचा पाऊस आला नि गेला, पण त्या अर्ध्या एकरावर पाणी मुरेना; ते वर तवंगासारखं तरंगायचं आणि कडेनं सांडायचं. गवताची काडी उगवली नाही.

श्रावणात पुण्याहून धनश्री मॅडम आल्या. तिथल्या एका कॉलेजात त्या मातीवर संशोधन करायच्या. वय फार नव्हतं, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं असं की समोरच्याला कळेपर्यंत सोडायचं नाही. त्यांच्याबरोबर आनंदराव म्हणून एक साहेब होते, टँकर ज्यांचा त्या वाहतूक कंपनीचे. मॅडमनी बांधावर बसून अयुबला आणि मल्हारीला समजावलं की मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यातले काही तेल खाऊन जगतात. असे निवडक जिवाणू वाढवून, गव्हाच्या कोंड्यात कालवून त्या आणणार. त्यांना हवा लागते म्हणून माती दर आठवड्याला खालीवर करायची, ओल लागते म्हणून पाणी शिंपायचं, आणि खुराक म्हणून थोडा युरिया. बाकी काम ते करतील.

“म्हंजी इरजण,” मल्हारी म्हणाला.

मॅडम हसल्या, म्हणाल्या, अगदी विरजणच. मल्हारीच्या छातीत कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं. जमीन परत येऊ शकते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो धरून चालला होता की आपण जे केलं ते मेलेल्या माणसासारखं कायमचं.

पण विरजणाला एक अट होती. मॅडमनी त्या काळ्या रानाचे दोरी बांधून दोन भाग पाडले. एका भागाला औषध. दुसरा भाग जसा आहे तसा ठेवायचा. खोरं नाही, पाणी नाही, माणसाचा पाय नाही, जनावराचा नाही. दोन्हींतला फरक बघायचा. औषधाच्या बाजूचं तेल ठळक कमी झालं तर आनंदरावांची कंपनी सगळं रान, अगदी खालच्या थरापर्यंत, स्वच्छ करून देणार, त्याला वर्ष लागो की दोन. फरक दिसला नाही तर वर मुरूम पसरून मोकळे होणार. मुरूम म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यावर घरं होतात, धाबे होतात, पीक होत नाही. अयुबचं रान जगणार की मुरमाखाली गाडलं जाणार, ते त्या दोरीवर आलं होतं.

राखणीला माणूस कोण, असं मॅडमनी विचारलं. अयुबला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

“आप्पा हायेत की. माझ्यापेक्षा जास्त तेच बघत्यात माझं रान.”

मल्हारीनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं लाजला.

पुढचे दिवस त्यानं जीव ओतून काम केलं. औषधाच्या बाजूची माती तो अशी खालीवर करायचा की ढेकूळ राहू नये. दूरवरून खांद्यावर पाणी आणायचा. धुरपदा म्हणायची, स्वतःच्या रानात कधी एवढं वाकला न्हाईत. हळूहळू त्या मातीचा चिकटपणा गेला. डांबरासारखा वास होता तो उतरला, आणि एका सकाळी तिथं मुठीत धरलेली माती बोटांतून खरोखर माती सांडावी तशी सांडली. मल्हारी बराच वेळ नुसता मूठ भरत आणि सोडत बसला.

पण दोरीच्या पलीकडे बघवेना. तिथं तीच काळी साय, तीच भेग. इकडची जमीन उठून बसत होती आणि तिकडची त्याच्याकडे बघत पडून होती. मॅडमनी कारण सांगितलं होतं, त्याला ते कळलंही होतं. कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं. कळपात रोग आला आणि वैद्यानं सांगितलं की अर्ध्या मेंढरांनाच औषध पाज, तर कुठला धनगर ऐकेल? त्यात हा तर रोग त्यानंच सोडलेला. मॅडमची दोरी अशी पडली होती की बांध जिथं मोडला ती जागा नेमकी न शिवायच्या भागात आली होती. त्याला वाटायचं, हे मुद्दाम आपल्यासाठी उघडं ठेवलंय.

मेंढरं बसवणं ही त्यांच्या लोकांची जुनी चाल. पीक निघालेल्या रानात रात्रभर कळप बसवायचा. लेंड्या, मूत, खुरांची तुडवण, सकाळी जमिनीला असं खत मिळतं की शेतकरी वर धान्य देतो. मल्हारीनं फिरस्ती सोडली तरी दोन खंड्या, म्हणजे चाळीसेक, मेंढरं ठेवली होती. दुखणाऱ्या जमिनीला काय द्यायचं, हा प्रश्न त्याच्या घराण्यात कुणी कधी विचारलाच नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

दसऱ्यानंतर त्यानं दोरीच्या पलीकडे वाघर लावली.

एकदाच, असं त्यानं मनाला बजावलं. मग वाटलं एका रात्रीनं काय होतंय, जाळी जरा पुढे सरकवू. अशी ती सरकत सरकत सगळ्या काळ्या भागावरून फिरली. अंधारात लावायची आणि उजाडायच्या आत काढायची. खुरांनी तुडवलेल्या लेंड्या त्या काळ्या मातीत मिसळून दिसेनाशा व्हायच्या. दिवसा मेंढरं बाभळीखाली शेंगा खायची, रात्री इथं येऊन बसायची. मल्हारीला कितीतरी दिवसांनी झोप लागली. आपण फेडतोय असं त्याला वाटत होतं, आणि फेडतोय कुणाला न सांगता, म्हणजे तर त्याचं पुण्य दुप्पट. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याच्यासारखा हुशार वकील मिळायचा नाही.

धुरपदानं मेंढरांची पोटं काळी झालेली पाहिली आणि विचारलं, कुठं लोळवलीत? तो म्हणाला, खरजेवर जळकं तेल चोळलंय. ही थाप मात्र तिच्या घशाखाली उतरली नाही. कळपात एकाही मेंढराला खरूज नव्हती.

दिवाळी उलटल्यावर मॅडम नमुने घेऊन गेल्या आणि काही दिवसांनी आनंदरावांना घेऊन परत आल्या. अयुबनंही त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. मॅडमचा चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितलं की औषधाच्या भागातलं तेल निम्म्यावर आलंय, त्यांना हवं होतं तसंच. पण ज्या भागाला हात लावला नाही, त्यातलंही जवळजवळ तेवढंच कमी झालंय. असं का व्हावं हे त्यांना सांगता येत नव्हतं. बहुधा आपलंच कुठंतरी चुकलं, असं त्या स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या.

आनंदराव खुशीत होते. उन्हावाऱ्यानं जमीन आपोआप सुधारतेय, मग तुमचे जिवाणू कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. बघा ना, ते म्हणाले, इथं तर झाडंसुद्धा यायला लागलीत. वर मुरूम टाकू, सपाट करून देऊ, विषय संपला. मॅडमनी खालच्या थरात अजून किती तेल आहे ते सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या बोलण्यात पहिला जोर नव्हता. अयुब थकला होता. तो म्हणाला, टाका साहेब मुरूम, माझ्या नशिबात तेवढंच आसंल.

मल्हारी आनंदरावांनी दाखवलेल्या झाडांकडे बघत होता. काळ्या मातीतून बोटबोटभर हिरवे कोंब वर आले होते, नाजूक बारीक पानांचे. ते कसले कोंब आहेत हे त्याला जवळ न जाता कळलं. मेंढरांनी खाल्लेल्या शेंगांतलं बी लेंडीतून पडतं आणि असं उगवतं. त्याच्या बापानं बसवलेल्या प्रत्येक रानात बाभळी अशाच उगवायच्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. गप्प बसलं तर त्या बाभळींवर मुरूम पडणार होता, आणि अयुबचं रान मल्हारीनं दुसऱ्यांदा मारल्यासारखं होणार होतं. पहिल्यांदा स्वतःला वाचवायला, दुसऱ्यांदा स्वतःला बरं वाटावं म्हणून.

“मॅडम, तुमचं काय चुकल्यालं न्हाई,” तो म्हणाला. “तितं माझी मेंढरं बसत व्हती.”

मॅडमना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्या लाल झाल्या. चार महिन्यांचं काम होतं ते. लेंडीखत काय करतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच. सांगितलं असतं तर त्याचा वेगळा वाफा केला असता, त्या म्हणाल्या. पण तुम्ही दोन्हीकडं औषध घातलंत आणि मला सांगितलंत की एकीकडं नाही. तुमच्यावर राखण सोपवली होती, राखण. मल्हारीनं ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी रागावत होतं.

ते सुखही अयुबनं टिकू दिलं नाही. तो मध्ये पडला. त्याचे डोळे भरून आले होते. मॅडम, त्यांना बोलू नका, तो म्हणाला. लोकं मेंढरं बसवायला पायली पायली धान्य मोजून घेत्यात, आन् ह्या माणसानं माझं रान मरतंय म्हणून गुपचूप रातभर कळप बसवला. माझ्या बापाची आठवण ठेवली त्यानं. असं म्हणून त्यानं मल्हारीचा हात धरला आणि कपाळाला लावला. त्याच हातात तेलाच्या त्या सकाळी खोरं होतं. मल्हारीला वाटलं, आता धरणी दुभंगावी तर बरं.

मॅडमचा राग ओसरला तशा त्या पुन्हा कामाला लागल्या. मार्ग एकच होता. रस्त्याच्या कडेचा तो उकरलेल्या मातीचा ढीग अजून तसाच पडून होता, त्याला कुणी शिवलं नव्हतं. ती माती दोन वाफ्यांत पसरायची, एकाला औषध, दुसऱ्याला काही नाही, आणि शिमग्यापर्यंत थांबायचं. त्यांच्या सहीशिवाय आनंदरावांना प्रकरण मिटवता येत नव्हतं, म्हणून ते कुरकुरत का होईना थांबायला तयार झाले. प्रश्न जागेचा होता. शेजारीच, अशाच मातीची, मोकळी जागा हवी. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं तरी जिथं ही माती पडेल तो तुकडा या हंगामाला गेलाच. अयुबच्या उरलेल्या रानात कांद्याची रोपं नुकती लागली होती.

“माझ्या गव्हात टाका,” मल्हारी म्हणाला. “चारीच्या तोंडाशी.”

अयुबनं पुन्हा त्याचा हात धरला आणि नको म्हणाला. आप्पा, आता बास झालं, तुम्ही का म्हून तुमचं रान नासवताय? त्यानं हे इतक्या मायेनं विचारलं की मल्हारीला पुढचं गिळता येईना. मूठ झाकून ठेवायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

“ते त्याल माझ्याच रानात चाललं व्हतं, अयुब,” तो म्हणाला. “बांध टँकरनं फुटला न्हाई. मी मोडला. आपलं दार बांधलं आन् तुझं मोडलं.”

मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. अयुबचा हात अजून मल्हारीच्या हातात होता. तो त्यानं झटकला नाही. हळूच सोडवून घेतला, उसना आणलेला डबा परत ठेवावा तसा. मग त्यानं चारीकडे पाहिलं, मल्हारीच्या शेताच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला.

“तवा कांदा दिसत व्हता का तुम्हाला?”

मल्हारीला नाही म्हणता आलं असतं. सकाळची वेळ होती, वासानं डोळे चुरचुरत होते, घाई होती.

“दिसत व्हता.”

अयुबनं मान डोलावली. त्यानं पॅन्टचे पाय वर दुमडले, मॅडमनी गाडीतलं प्लॅस्टिक अंथरलं, आणि मग तो घमेलं उचलून त्या ढिगाकडे गेला. भरलं, आणलं, मल्हारीच्या कोवळ्या गव्हात नेऊन ओतलं. पुन्हा गेला. मल्हारी दुसरं घमेलं घेऊन वाकला तेव्हा त्यानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

“तुम्ही ऱ्हाऊ द्या,” अयुब म्हणाला. “तुम्हाला राखण करायचीय.”

सगळी माती त्यानं एकट्यानं वाहिली. मल्हारी उभा राहून बघत होता. गेल्या शिमग्याला जे दोन ढांगांवरून वळवलं होतं ते घमेल्याघमेल्यानं घरी येत होतं, आणि प्रत्येक घमेलं ओतताना अयुब गव्हाकडे बघत होता, मल्हारीकडे नाही.

त्या हिवाळ्यात मल्हारीनं राखण केली. नुसती राखण म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा कळलं. औषधाच्या वाफ्याला मॅडमचा माणूस यायचा, कधी मॅडम स्वतः. शेजारचा वाफा काळा तो काळाच. त्याला खोरं लावायचं नाही, पाणी द्यायचं नाही, काही करायचं नाही. मेंढरांना तेलकट मातीवर बसायची सवय लागली होती, ती पुन्हा पुन्हा तिकडेच ओढ घ्यायची, आणि मल्हारी त्यांना हाकलायचा. धुरपदाला त्यानं सगळं सांगितलं. त्या रात्री तिनं ताटात कांदा फोडून ठेवला आणि तो खाईपर्यंत समोरून उठली नाही.

शिमग्याला दोन वाफ्यांतला फरक आंधळ्यालाही दिसला असता. मॅडमनी सही केली. मुरमाच्या गाड्या आल्या नाहीत. अयुबच्या काळ्या रानात आता कोंड्याची पोती येऊन पडली, माती खोलवर खालीवर व्हायला लागली, आणि मल्हारीला हे सगळं बांधाच्या अलीकडून दिसत होतं.

अयुबनं बोलणं टाकलं नाही. वाटेत भेटला तर आप्पा म्हणतो, धुरपदाची तब्येत विचारतो, ईदला अकिलाच्या हातचा शीरखुर्मा डबा भरून येतो. गावाला वाटतं, सगळं मिटलं. फक्त दूधवाल्याबरोबर येणारा निरोप येत नाही. पाण्याची पाळी लागली की अयुब यवतचं दुकान बंद करतो, मोटारसायकल बांधाला लावतो आणि स्वतःचं खोरं घेऊन चारीवर येऊन उभा राहतो. त्याला दारं नीट धरता येत नाहीत. पाणी फुटतं, वाफे वाहून जातात, चिखलात तो गुडघ्यापर्यंत बुडतो. मल्हारीचे हात शिवशिवतात. पण पाणी पुरतं खाली गेल्याशिवाय अयुब जागचा हलत नाही, आणि तोवर मल्हारी आपल्या बांधावर हात मांडीवर ठेवून बसून राहतो.